जहाज धक्क्याला लागतं, शहराला नाही

प्रश्न : आम्ही सांगलीचे. मी ६२, यजमान ६६. फेब्रुवारीत आम्ही दोघं, यजमानांचे बँकेतले जुने मित्र आणि त्यांची पत्नी असे चौघं सिंगापूरहून पाच रात्रींच्या क्रूझला निघालोय. क्वालालंपूर, पेनांग, फुकेत, मग एक दिवस समुद्रात आणि परत सिंगापूर. बुकिंग झालंय. आता ॲपवर बंदरावरच्या सहलींची यादी आलीय, प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस सहली, किमती डॉलरमध्ये. मित्र म्हणतात, एवढे पैसे कशाला, आपलं आपण फिरू. आमचे हे म्हणतात, बोट सुटली तर काय करायचं, मी खाली उतरतच नाही. आम्ही जैन. मी बाहेर कांदा-लसूण चालवून घेते, हे अजिबात नाही, आणि शक्यतो सूर्यास्ताच्या आत जेवतात. मित्र मूळचे मालवणचे, त्यांना मासे खायचेच आहेत. आमच्यामुळे त्यांचा विरस होईल याचा मला संकोच वाटतो. शिवाय माझा उजवा गुडघा दुखरा आहे. जहाजावर वेगळे पैसे भरून जेवायची चार हॉटेलं आहेत, आधी बुक केलं तर सवलत म्हणे. काय घ्यावं, काय सोडावं? आणि घरून खायला काय न्यावं?
— एक वाचक, सांगली

ताई,

ती यादी तूर्त बंद करा आणि मोबाइलवर नकाशा उघडा. सहल निवडताना स्थळ किती सुंदर आहे हे मागाहून बघायचं. जहाज नेमकं कुठे उभं राहणार आणि तिथून ते स्थळ किती लांब, हे आधी बघायचं. जाहिरातीत शहराचं नाव असतं, पण जहाज लागतं धक्क्याला. या दोघांत कधी पाच मिनिटांचं अंतर असतं, कधी दीड तासाचं.

क्वालालंपूरचंच घ्या. क्वालालंपूरला समुद्रच नाही. तुमचं जहाज लागणार पोर्ट क्लांगला, आणि तिथला क्रूझचा धक्का आहे पुलाऊ इंदाह नावाच्या बेटावर, मालवाहू बंदराच्या शेजारी. पुण्याला नेतो म्हणून न्हावाशेवाला उतरवावं, तशातलाच प्रकार. अंतर त्या मानानं कमी, तरी बसनं सव्वा ते दीड तास धरा, रस्त्यावर गर्दी असली तर जास्त. पेनांगला बरोबर उलटं. तिथे जहाज थेट जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. जिना उतरलात की शहर सुरू. फुकेतला तिसरीच तऱ्हा : मोठी जहाजं बहुधा पातोंगच्या खाडीत नांगर टाकून उभी राहतात आणि माणसांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्या बोटींना टेंडर म्हणतात.

म्हणजे बंदरं तीन आणि तिन्हींचे हिशेब वेगळे. तुमचे मित्र तिन्ही ठिकाणी स्वतः फिरायचं म्हणतात, तुमचे यजमान तिन्ही ठिकाणी उतरायचंच नाही म्हणतात. दोघांचंही एकेका बंदरापुरतं बरोबर आहे!

यजमानांची भीती उगाच नाही, हे आधी सांगते. जहाज खरोखर सुटतं. कंपनीच्या सहलीची बस वाटेत अडकली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला स्वखर्चानं पुढच्या बंदरात पोचवते. तुम्ही आपले आपण गेलात आणि उशीर झाला, तर धक्क्यावर उभं राहून टाटा करायचा. सहलीच्या किमतीत एक हिस्सा या हमीचा असतो. मग ही हमी कुठे विकत घ्यायची? जिथे लांब जायचंय तिथे. जिथे दहा मिनिटांत चालत परत येता येतं, तिथे हमीला पैसे मोजणं म्हणजे घरासमोरच्या वाण्याकडे जायला प्रवास विमा काढण्यासारखं.

आता पहिलं बंदर. माझं मत अनेकांना आवडत नाही, तरी सांगते : पोर्ट क्लांगला तुमच्या यजमानांचं ऐका आणि जहाजावरच राहा. क्वालालंपूरच्या सहलीत आठ तासांपैकी तीन-चार तास बसमध्ये जातात. पेट्रोनासचे मनोरे ४५२ मीटर उंच आहेत खरे, पण त्या सहलीत बहुतेक वेळा खालून फोटो काढण्यापुरतंच थांबतात. बाटू केव्हजला मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मूर्ती डोळ्यांत मावत नाही, मात्र गुहेपर्यंत २७२ पायऱ्या आहेत आणि त्या चढ्या आहेत. तुमच्या गुडघ्यानं वर जाण्याचा विचारसुद्धा करू नका. जायचंच ठरलं तर कंपनीची अर्ध्या दिवसाची बाटू केव्हजची सहल घ्या. तुम्ही दोघं खाली मूर्तीपाशी, सपाटीवर फिरा. पायथ्याशी केळीच्या पानावर शुद्ध शाकाहारी जेवण देणारी दाक्षिणात्य हॉटेलं आहेत. हातातली पिशवी मात्र सांभाळा, तिथली माकडं आपल्या ज्योतिबाच्या माकडांना चार गोष्टी शिकवतील.

जाण्यापूर्वी दिनदर्शिका बघा. जानेवारी-फेब्रुवारीत थायपूसम हा मुरुगनचा उत्सव येतो. त्या पौर्णिमेच्या आसपास बाटू केव्हजला लाखोंची गर्दी लोटते, कावडी घेतलेले भक्त, दूधघागरी, रस्ते बंद. ज्याला गर्दीतलं दर्शन आवडतं त्याच्यासाठी पर्वणी, दुखऱ्या गुडघ्यासाठी शिक्षा. याच सुमारास चिनी नववर्षही असतं, आणि त्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पेनांगमधली कितीतरी चिनी हॉटेलं आणि गाडे बंद असतात. तुमच्या तारखा या दोन्हींशी ताडून पाहा.

मालवणच्या मंडळींना एक आमिष दाखवून ठेवते. पोर्ट क्लांगहून फेरीनं पुलाऊ केतामला जाता येतं. केताम म्हणजे खेकडा. खाडीच्या चिखलावर खांब रोवून उभी केलेली चिनी कोळ्यांची वस्ती, लाकडी पुलांचे रस्ते, आणि जेवायला खेकडे. पण फेरीचा धक्का वेगळ्या ठिकाणी आहे, क्रूझच्या धक्क्यावरून आधी टॅक्सी करावी लागते, आणि फेरी काही आपल्या सोयीनं सुटत नाही. क्रूझच्या एका दिवसात हे बसवण्याची जोखीम मी घेणार नाही. त्यांनी पुढच्या खेपेसाठी मनात ठेवावं.

पेनांगला मात्र सगळे उतरा, आणि एकही सहल विकत घेऊ नका. जॉर्ज टाउन २००८ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत आलं, आणि हे शहर पायी फिरण्यासाठीच आहे. धक्क्याबाहेर पडताच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून बांधलेला ६० फुटी घड्याळाचा मनोरा दिसतो, वर्षाला एक फूट या हिशेबानं. पलीकडे फोर्ट कॉर्नवॉलिस. आपण शाळेत कायमधारा पद्धतीसाठी ज्याचं नाव पाठ केलं, तोच हा कॉर्नवॉलिस. किल्ला बाहेरूनच पाहिलात तरी चालेल, आत फार काही नाही. तिथून दहाएक मिनिटांवर लेबुह पासार, म्हणजे तिथलं लिटल इंडिया. गजरे, पितळी समया, तमिळ गाणी. क्वीन स्ट्रीटवर १८३३ सालचं मरिअम्मनचं देऊळ आहे. त्याच भागात कुआन यिन देवीचं चिनी मंदिर आणि कपितान केलिंग मशीद, सगळं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. गुडघा कुरकुरला तर तीनचाकी सायकलरिक्षा करा. बसण्याआधी दर ठरवून घ्या, तासाचा की फेरीचा हेही ठरवून घ्या.

केक लोक सी मंदिर आणि पेनांग हिलची फ्युनिक्युलर रेल्वे ही दोन नावं प्रत्येक यादीत दिसतील. दोन्ही चांगली आहेत, पण शहराबाहेर आहेत आणि जहाज लागलेल्या दिवशी तिथल्या रांगा लांबतात. एकाच दिवशी दोन्ही केलीत तर संध्याकाळी तुमच्या हाती फोटो राहतील आणि पायांत गोळे. दोन्ही सोडा. त्याऐवजी उन्हं उतरल्यावर च्यू जेटीला जा. समुद्रात खांबांवर उभी असलेली लाकडी घरं, एकाच आडनावाच्या कुळाची वस्ती. लोक तिथे राहतात, तेव्हा उघड्या दारातून आत डोकावून फोटो काढू नका.

आता खाणं. तुमच्या पत्रातला खरा पेच इथेच आहे, आणि पेनांगला तो सहज सुटतो.

मलेशिया-थायलंडमध्ये शाकाहाराची अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्याची असते. भाजी हिरवीगार दिसते आणि तिच्यात बेलाचान असतं. बेलाचान म्हणजे बारीक कोलंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली वडी. तुमच्या मालवणच्या मित्रांना वास आल्याबरोबर कळेल, कारण आपला जवळा तो याच जातीचा. थायलंडमध्ये हीच वडी कापी म्हणून भेटते आणि शिवाय नाम प्ला, म्हणजे माशाचा रस, मिठाऐवजी वापरतात. म्हणून "नो मीट" एवढं सांगून भागत नाही. अनेकांच्या लेखी मासा आणि कोलंबी हे मांसात मोडतच नाही. मी एकदा एका गाड्यावर भाजीभात मागवला, चिकन नको, अंडं नको असं तीनदा बजावलं. आला तो भात वर सुकट पेरून. त्या बाईंनी प्रेमानं दोन चमचे जास्त घातली होती.

यजमानांसाठी पेनांगच्या लिटल इंडियातली दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेलं हा खात्रीचा मार्ग. सांबारात कांदा असतोच, ते सोडा. इडली, साधा डोसा, दहीभात हे विचारून घ्या. वाढणारे बहुतेक तमिळ असतात, त्यांना "वेंगायम वेण्डाम, पूंडू वेण्डाम" म्हणा : कांदा नको, लसूण नको. चेहराच बदलतो समोरच्याचा. दुसरा मार्ग चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळींचा. त्यांच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिक असतं. परदेशात, चिनी अक्षरांच्या गर्दीत आपलं स्वस्तिक जेवणाची खूण म्हणून दिसावं, हे यजमानांना फार आवडेल. काटेकोर बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. मात्र ताटात बदकासारखं दिसणारं, कोंबडीसारखं दिसणारं काहीतरी येईल. ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या चिकाचं असतं. सांगून ठेवलं नाहीत तर यजमान ताट सरकवून उठतील. गाजर, बटाटा, मुळा हे कंद या स्वयंपाकात चालतात, तेव्हा कंदमूळ वर्ज्य असेल तर पुन्हा विचारायला हवं.

तुम्ही स्वतः चेंडोल खा. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ, पांदानच्या पानांनी हिरव्या केलेल्या शेवया आणि थोडा राजमा. मालवणकरांनाही तो घरचा वाटेल, नारळ आणि गूळ म्हटल्यावर कोकणी माणूस देश विसरतो. त्यांनी आसाम लाक्सा घ्यावा : बांगड्याच्या जातीच्या माशाचं चिंचेतलं आंबट-तिखट सार आणि त्यात तांदळाच्या जाड शेवया. चार क्वे त्याओ नावाच्या परतलेल्या शेवयांत कोलंबी आणि शिंपल्या असतात, पण पुष्कळ ठिकाणी डुकराची चरबीही. ती चालत नसेल तर आधी विचारावं.

आणि तो संकोच, ताई. चौघांनी प्रत्येक घास एका टेबलावर खाल्ला पाहिजे असा काही करार केलाय का तुम्ही? पेनांगला दुपारी बारा ते दोन वेगळे व्हा. ते गाड्यांकडे, तुम्ही लिटल इंडियात. दोन वाजता मरिअम्मनच्या देवळापाशी भेटा. त्यांना तुमच्यासमोर मासा फोडताना अवघडल्यासारखं होत असेल, हे तुमच्या लक्षात आलंय का? तुम्ही सुचवलंत तर त्यांची सुटका होईल. ते बिचारे आपणहून कधीच म्हणणार नाहीत.

फुकेत. आधी टेंडरविषयी, कारण गुडघा इथे नडू शकतो. जहाजाच्या खालच्या दारातून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. खलाशी दोन्ही हात धरतात, घाई करत नाहीत. फेब्रुवारीत त्या बाजूचा समुद्र साधारण शांत असतो. खवळतो तो मे ते ऑक्टोबरच्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत, तेव्हा टेंडर रद्दही होतात. जहाजाच्या सहलीवाल्यांना पहिल्या बोटींत जागा मिळते, बाकीच्यांना चिठ्ठी घेऊन थांबावं लागतं. सकाळी लवकर चिठ्ठी घ्या. चार चाकांची खुर्ची लागणाऱ्यांना टेंडरमधून नेतीलच असं नाही, पण काठी घेऊन चालणाऱ्यांना अडचण येत नाही.

फी फी बेटांची स्पीडबोट सहल सर्वांत आकर्षक दिसेल. घेऊ नका. वेगात आदळणाऱ्या बोटीत पाठ आणि गुडघा दोन्ही हिशेब मागतात. जिच्यासाठी लोक जातात ती माया बे पर्यटकांच्या गर्दीनं प्रवाळ मेल्यामुळे २०१८ मध्ये बंद केली होती, २०२२ च्या जानेवारीत मर्यादित संख्येनं उघडली. फांग न्गाचा उपसागर, ते पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके, मला फी फीपेक्षा कितीतरी जास्त आवडतात. पण तो पूर्ण दिवसाचा कार्यक्रम आहे. जायचं असेल तर जहाजाचीच सहल घ्या आणि मोठ्या बोटीची घ्या. इथे ती हमी पैसे वसूल करते.

तुमच्या जागी मी असते तर चौघांत मिळून किनाऱ्यावरून एक व्हॅन ठरवली असती, चार-पाच तासांसाठी. जहाजाची सहल माणशी पैसे घेते, व्हॅन गाडीचे घेते. चौघं आहात म्हणून हा हिशेब तुमच्या बाजूनं आहे, दोघंच असता तर नसता. वात चालोंगचं बौद्ध मंदिर, मग फुकेत टाउनमधला जुना थालांग रस्ता, रंगीत चिनी-पोर्तुगीज घरं. कथिलाच्या खाणींवर पैसा केलेल्या चिनी व्यापाऱ्यांचं हे गाव. आणि इथेच तुमच्या यजमानांसाठी मोठी गंमत आहे. फुकेतच्या चिनी लोकांत दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहार पाळतात. त्या जेवणाला "जे" असं नाव आहे, आणि "जे" म्हणजे मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. उत्सव फेब्रुवारीत नसेल, पण "जे" जेवणाच्या खाणावळी वर्षभर चालतात. जुई तुई देवळाच्या परिसरात, रानोंग रस्त्याकडे शोधा. खूण सांगते : पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं अक्षर. आत जाऊन "किन जे" एवढंच म्हणा. कंदमुळांचं वर सांगितलं तेच इथेही.

मालवणकरांना व्हॅन थोडी पुढे रावाईला नेऊ द्या. तिथे समुद्रकाठी मासळीबाजार आहे. टाकीतला मासा, कोलंबी, शेवंड बोट दाखवून निवडायची, वजन करून विकत घ्यायची आणि समोरच्या हॉटेलात शिजवून घ्यायची. भाव करणं त्यांना शिकवायला नको. तेवढ्या वेळात तुम्ही किनाऱ्यावर शहाळं घेऊन बसा.

एक नको मात्र ठाम. फुकेतच्या यादीत हत्तीवर बसण्याच्या, वाघाजवळ बसून फोटो काढण्याच्या सहली दिसतील. तुमच्या घराला मी का सांगावं, पण मित्र उत्साहात बुक करतील, त्यांना आवरा.

आता घड्याळ. हे यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवा. थायलंड सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे आहे. मोबाइल किनाऱ्यावर उतरताच थाई वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र पुष्कळदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. मी फुकेतलाच फसले आहे. शेवटची टेंडर साडेचारची, माझा मोबाइल म्हणत होता तीन वीस. आरामात आइस्क्रीम खात धक्क्यावर आले तर खलाशी हातवारे करून बोलावतोय. शेवटच्या बोटीतली मी शेवटची प्रवासी. जहाजावर आई गॅलरीत उभी होती, ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. म्हणून मनगटावर साधं घड्याळ बांधा, जहाजाची वेळ लावा, आणि ते यजमानांच्या हातात द्या. बोट चुकण्याची ज्याला भीती वाटते, घड्याळ त्याच्याच हाती असावं. गाडीनं गेला असाल तर शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी धक्का गाठायचा, पायी असाल तर एक तास पुरे.

सहलींच्या वर्णनातले दोन-तीन शब्द समजून घ्या. ‘पॅनोरामिक’ म्हणजे बसच्या खिडकीतून बघायचं, उतरायचं नाही. ‘फ्री टाइम’ बहुधा दुकानापाशी असतो. ‘लंच इन्क्लुडेड’ असलेली सहल तुम्ही घेऊच नका, तिथल्या बुफेत तुम्हाला भात आणि कलिंगड मिळेल आणि पैसे पूर्ण ताटाचे जातील.

जहाजावरच्या जेवणाचं सोपं आहे. पैसे भरायची ती चार हॉटेलं तुमच्यासाठी नाहीत. स्टेकहाउसमध्ये काय खाणार? जपानी तव्यावर सगळं एकाच लोखंडावर परततात. सवलत असो वा नसो, वर सेवाशुल्क लागतं, काही कंपन्यांत १८ टक्के. मित्रांना हवं असेल तर त्यांनी समुद्रातल्या दिवशी एक जेवण तिथे घ्यावं. दुपारचं घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. तुम्ही भाड्यात आलेल्या मुख्य डायनिंग हॉलवर भर द्या. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, स्वयंपाकघरात आपले लोक असतात, जैन जेवण त्यांना नवीन नाही. पण ते आयत्या वेळी उगवत नाही. एजंटकडून आजच लेखी कळवा, उत्तर लेखी मागवा, आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. जहाजावर चढलात की पहिल्याच दुपारी हेडवेटरला गाठा. दर रात्री उद्याचं जेवण आज सांगायचं, ही पद्धत लावून घ्या. बुफेत चिमटे या भांड्यातून त्या भांड्यात फिरत असतात, त्यामुळे यजमानांना बुफेत फळं, ब्रेड, दही एवढ्यावर राहू द्या.

आणि सूर्यास्त! यात तुमचं नशीब जोरावर आहे. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर पहिली मागा, ती साधारण साडेपाच-सहाला सुरू होते. फेब्रुवारीत सिंगापूर, क्लांग, पेनांग या भागात सूर्य सव्वासातच्या पुढेच मावळतो. फुकेतला थाई वेळेनं साडेसहानंतर, म्हणजे जहाज सिंगापूरच्या वेळेवर असेल तर जहाजाच्या घड्याळात साडेसातनंतर. सांगलीत त्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास अंधारतं. यजमानांना इथे घरच्यापेक्षा निवांत जेवता येईल. सकाळी मात्र उजाडतं सात वाजून गेल्यावर. सूर्योदयाआधी ते काही खात नसतील तर साडेसातला निघणारी कुठलीही सहल उपाशीपोटी होईल, हेही बुक करताना बघा.

सिंगापूरला एक दिवस आधी पोचा. विमान आणि जहाज एकाच दिवशी ठेवणारे लोक मला धाडसी वाटतात. लिटल इंडियात सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, तिथे डोसा खा. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना ते तपासा, कारण जहाजावरून परत येताना तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरता. तिन्ही देशांची ऑनलाइन आगमनपत्रं तुम्हाला लागतात का, हे एजंटकडून लेखी घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतात, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

खाऊचं शेवटी. घरी शिजवलेलं जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातलं कोरडं चालतं : खाकरा, चिवडा, आणि सांगलीकरांना सांगायला नको, भडंग. पण पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. सिंगापुरात खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, तिची गणना अमली पदार्थांशी करतात. तेव्हा खसखस लावलेले अनारसे, खसखशीची पूड असलेला घरगुती मसाला, मुखवासाची डबी, सगळं घरी ठेवा. विमानतळावर अनारशांची बाजू मांडत बसण्यात मजा नाही.

फुकेतहून परतलात की रावाईला मालवणकरांनी कोणता मासा घेतला आणि काय भावानं, तेवढं कळवा. तिथली शेवंड चांगली की देवबागची, यावर मला त्यांचंच मत हवंय.